भग्नावशेषांचे भांडवल

महाशिवरात्रीच्या दिवशी नागऱ्याच्या शिवमंदिरापुढे दर्शनाची रांग सरकता सरकत नाही. पूर्वी अशा वेळी माणसे एकमेकांच्या धानाची, लाखोळीची, सोयरिकीची चौकशी करीत. हल्ली ती मान खाली घालून मोबाइलच्या काचेवर बोट फिरवीत उभी राहतात. गोंदिया शहराला लागून असलेल्या या गावातील, हेमाडपंती म्हणून ओळखले जाणारे ते दगडी देऊळ किती पिढ्यांचे नवस ऐकत उभे असेल याचा विचार करीत मी एका यात्रेत असाच ताटकळत असताना, पुढे उभ्या असलेल्या माझ्या पुतण्याने आपला मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. काचेवर एक काळेपांढरे छायाचित्र होते : ढासळलेले शिखर, उघडे पडलेले खांब, भोवती दगडांचा खच. त्याखाली तांबड्या अक्षरांत, गझनीच्या महमूदाने १०२६ साली फोडलेले सोमनाथाचे मंदिर ते हेच, आणि हे पाहून ज्याचे रक्त तापत नाही त्याने आपल्या रक्ताची परीक्षा करून घ्यावी, अशा आशयाचा मजकूर होता. आणि कोपऱ्यात हात जोडून हसणारे एक इच्छुक उमेदवार होते.

“पाहा जी काका, कसं करून ठेवलं!”

“१०२६ साली फोटो कोणी काढला रे?”

“फोटो मंगचा असन जी. पन देऊर तं तेच न?”

रांग दोन पावले पुढे सरकली. देऊळ ते नव्हते, ही गोष्ट घामाघूम रांगेत उभे राहून त्याला समजावून देणे मला साधले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

ते छायाचित्र बनावट नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. सुमारे १८६९ साली साइक्स नावाच्या छायाचित्रकाराने ते सौराष्ट्रात प्रभासपाटणला घेतले. परंतु त्यात दिसणारे खांब मुख्यतः गुजरातचा राजा कुमारपाल याने ११६९ साली, म्हणजे महमूदाच्या स्वारीनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी, उभारलेल्या मंदिराचे आहेत. आणि त्या मंदिरावरूनही पुढे १२९९ साली अल्लाउद्दीन खिलजीची फौज गेली, चौदाव्या शतकाच्या अखेरीस गुजरातच्या सुभेदाराची गेली, औरंगजेबाच्या अमदानीत त्यावर हुकूम सुटले, आणि या सर्वांच्या मधल्या काळात समुद्रावरचा खारा वारा कोणाच्याही हुकमाची वाट न पाहता आपले काम करीत राहिला. महमूदाने सोमनाथ लुटले यात मुळीच संशय नाही, आणि त्या लुटीची वेदना खोटी आहे असे कोणी म्हणू लागला तर त्याला मी तरी दारात उभा करणार नाही. पण घटना खरी आणि चित्र खरे, एवढ्यावरून चित्र त्या घटनेचे ठरत नाही. अनेक शतकांची, अनेक हातांची पडझड एका माणसाच्या नावावर चढवली की ती राग धरण्यास सोयीची होते, आणि ही सोय ज्याला हवी असते तो दफ्तर धुंडाळण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही.

सोमनाथाच्या बाबतीत हा धंदा आजचा नाही. आणि त्याचा पहिला मोठा व्यापारी कोणी हिंदू किंवा मुसलमान नसून हिंदुस्थानचा इंग्रज गव्हर्नर जनरल होता. १८४२ च्या जानेवारीत काबूलहून माघार घेणारी इंग्रजांची फौज, साडेचार हजार शिपाई आणि त्यांच्यामागचे सुमारे बारा हजार बाजारबुणगे यांच्यासह, बर्फाळ खिंडींत कापली गेली आणि कंपनी सरकारच्या इभ्रतीला काबूलपासून कलकत्त्यापर्यंत काळिमा लागला. त्याच वर्षी सूडाची म्हणून जी दुसरी मोहीम निघाली तिच्यातील एक सेनानी नॉट याने सप्टेंबरात गझनी घेतली आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो याच्या आज्ञेनुसार महमूदाच्या कबरीची लाकडी दारे उपटून आणली; कारण महमूदाने सोमनाथाहून चंदनी दारे नेली आणि ती आपल्या कबरीला बसवली अशी एक दंतकथा प्रचलित होती. १६ नोव्हेंबर १८४२ रोजी एलेनबरोने हिंदुस्थानातील सर्व राजेरजवाड्यांना आणि रयतेला उद्देशून जाहीरनामा काढला, ज्यात आठशे वर्षांच्या अपमानाचा बदला घेतल्याचा डांगोरा होता आणि सोमनाथाची दारे सन्मानपूर्वक परत आणली जात असल्याची द्वाही होती. काबूलच्या खिंडीत पडलेल्या हजारो प्रेतांवर दोन फळ्यांचे झाकण घालण्याचा यापेक्षा चातुर्याचा प्रयत्न माझ्या तरी वाचनात नाही.

पुढचा भाग एखाद्या प्रहसनात शोभावा असा आहे. वाजतगाजत आलेली ती दारे आग्र्यापलीकडे गेलीच नाहीत. लाकूड तपासले तेव्हा ते चंदनाचे नसून देवदाराचे निघाले. नक्षी हिंदू शिल्पाची नसून गझनीच्याच कारागिरांची ठरली. इतकेच नव्हे तर चौकटीवर कूफी लिपीत कोरलेला अरबी लेख होता, आणि त्यात महमूदाच्या बापाचे, सबुक्तगीनाचे, नाव होते. खुद्द इंग्रजांतल्या जाणकारांनी ही शंका आधीच बोलून दाखवली होती. मेकॉलेने १८४३ च्या मार्चात पार्लमेंटात या जाहीरनाम्याचे वाभाडे काढले. पण हा जाहीरनामा ज्यांना भाऊ म्हणून संबोधतो त्या राजेरजवाड्यांत आपले शिंदेही मोडत होते, आणि त्याच एलेनबरोने २९ डिसेंबर १८४३ रोजी ग्वाल्हेरच्या शिंदेशाही फौजेशी महाराजपूर आणि पनियार या दोन ठिकाणी एकाच दिवशी लढाई करून त्या राज्याच्या नाकात वेसण घातली, हे मराठी वाचकाने तरी विसरू नये. आठशे वर्षांपूर्वीच्या अपमानाचा कळवळा आणि तेरा महिन्यांनंतरची तोफ, दोन्हींचा धनी एकच होता.

या गोंगाटाच्या सुमारे साठ वर्षे आधी, १७८३ साली, अहिल्याबाई होळकरांनी त्याच प्रभासपाटणला, जुन्या भग्न मंदिराच्या जवळच, सोमनाथाचे नवे मंदिर बांधले. भग्न मंदिराला त्यांनी हात लावला नाही, त्याचे प्रदर्शन मांडले नाही, कोणाला खलिते धाडून बदल्याची भाषा केली नाही. शिवलिंग तळघरात स्थापून पूजेची व्यवस्था लावली आणि काम संपले. ते मंदिर आजही आहे आणि तिथे आजही पूजा होते. अहिल्याबाईंच्या या कामाचे छायाचित्र मात्र माझ्या पुतण्याच्या मोबाइलवर कोणी पाठवलेले नव्हते. ढासळलेल्या भिंतीने जो क्षोभ होतो तो बांधलेल्या भिंतीने होत नाही, आणि क्षोभाला मते पडतात.

आता आपल्या घरातले उदाहरण. चित्र म्हणजे केवळ छायाचित्र नव्हे. शब्दांनी काढलेले चित्र छायाचित्राहून खोल रुतते, आणि रायगडाच्या बाबतीत नेमके हेच झाले. १८१८ च्या मे महिन्यात कर्नल प्रॉथर याने रायगडावर तोफा डागल्या. पेशव्यांच्या पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावर होत्या. गोळ्यांनी लागलेल्या आगीत राजवाड्याचा लाकूडसामान असलेला सारा भाग जळून गेला, आणि १० मे रोजी गड इंग्रजांच्या स्वाधीन झाला. आज रायगडावर बाजारपेठेची जोती, राणीवशाचे चौथरे आणि छप्पर नसलेल्या भिंती पाहताना आपण ‘काळाचा महिमा’ म्हणून जो उसासा टाकतो, त्यात काळापेक्षा प्रॉथरच्या तोफखान्याचा वाटा अधिक आहे. एवढे झाल्यावर ६५ वर्षांनी, १८८३ साली, जेम्स डग्लस नावाच्या मुंबईकर इंग्रजाने आपल्या मुंबईविषयीच्या ग्रंथात शिवछत्रपतींच्या समाधीची दैना वर्णिली आणि मराठ्यांना, त्यांच्या राजेरजवाड्यांना, सरदारांना दूषण दिले, की ज्याने तुम्हांस राज्य मिळवून दिले त्याच्या समाधीची तुम्हांस शुद्ध नाही. गड ज्यांनी जाळला त्यांच्याच जातभाईने राखेबद्दल आपल्याला खडसावावे, आणि आपण शरमेने मान खाली घालावी! त्या चित्रात झुडपे होती, पडलेले दगड होते, कृतघ्न मराठे होते. प्रॉथर तेवढा चौकटीबाहेर राहिला होता.

चित्राचे सामर्थ्य इतके, की ते लिहिणाऱ्याच्या हातून निसटते. डग्लसने दिलेला तो चाबूक पुणेकरांनी उचलला. १८८५ साली रानडे प्रभृतींनी सभा भरवली. सरकारने समाधीच्या देखभालीस वर्षाकाठी पाच रुपये मंजूर केले, ज्यांत झाडलोट करणाऱ्याचे पोटही भरले नसते. मग १८९५ साली टिळकांनी ‘केसरी’तून हा विषय हाती घेतला, मे महिन्यात हिराबागेत सभा झाली, गावोगावहून आण्यारुपयांनी वर्गणी येऊ लागली, आणि १८९६ च्या एप्रिलात रायगडावर शिवोत्सव भरला. पुढच्या वर्षी, १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त, समाधीतून जागे झालेले महाराज देशाची अवस्था पाहून खेद करतात अशा कल्पनेची एक कविता छापून आली, आठ दिवसांत पुण्यास इंग्रज अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली, आणि टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात ती कविता पुराव्यात दाखल झाली. ज्युरीतील सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी सभासदांनी निर्दोषी म्हटले, आणि टिळकांना दीड वर्षाची सजा झाली. चौदा वर्षांपूर्वी एका इंग्रजाने काढलेले पडक्या समाधीचे चित्र असे फिरून इंग्रज न्यायाधीशापुढे आरोपी म्हणून उभे राहिले.

टिळकांनी त्या चित्राचा उपयोग केला. दुरुपयोग केला असे मी म्हणणार नाही, कारण समाधी खरी होती, दैना खरी होती, आणि उत्सवाच्या मागे समाधीच्या जीर्णोद्धाराचा खटाटोपही खरा होता, जो त्यांच्या पश्चात १९२६ च्या सुमारास तडीस गेला. पण उपयोग केलाच नाही, ती निव्वळ भक्ती होती, असे मानणे भाबडेपणाचे. आणि भांडवल एकदा उभे राहिले की त्याला वारसही फुटतात. जोतीराव फुल्यांनी शिवाजीराजांवरचा पोवाडा १८६९ साली, डग्लसच्या कितीतरी आधी, रचला. मग समाधी आधी कोणी शोधली, जोतीरावांनी की टिळकांनी, हा वाद आजही निवडणुका जवळ आल्या की व्यासपीठांवरून रंगतो. त्यात समाधीविषयीचे कुतूहल किती आणि आपापल्या मतदारांची मोजदाद किती, हे वाचकच ताडील. दोघांचेही ऋण मानून गप्प बसायला आपल्याला कोणती अडचण आहे, हे मला कळलेले नाही.

नागऱ्याच्या रांगेत उभे असताना मला आणखी एक गोष्ट आठवत होती. याच तालुक्यात कामठा आहे. आप्पासाहेब भोसल्यांना इंग्रजांनी नागपूरच्या गादीवरून काढल्यानंतरच्या धामधुमीत, रायगड पडला त्याच १८१८ साली, कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले आणि कंपनीच्या फौजेने त्यांचा उठाव मोडून काढला. एकाच वर्षीचे एकाच शत्रूशी दोन झगडे; पण कामठ्याला डग्लस भेटला नाही. ना कोणी तिथल्या पडझडीचे वर्णन लिहिले, ना वर्गणी निघाली, ना उत्सव भरला, ना वाद झाला. गोंदियाच्या शाळेत शिकलेल्या किती मुलांना चिमणा पटेलांचे नाव ठाऊक आहे ते विचारून पाहावे. ज्या पडझडीचे चित्र निघत नाही ती राजकारणाच्या दृष्टीने पडलेलीच नसते.

ही रीत जगभर सारखी आहे. १९४५ च्या फेब्रुवारीत इंग्रज-अमेरिकन विमानांनी जर्मनीचे ड्रेस्डेन शहर जाळले; मेलेल्यांचा आकडा पंचवीस हजारांपर्यंत होता असे २०१० साली इतिहासकारांच्या समितीने सांगितले, पण नाझी प्रचारखात्याने तो त्याच महिन्यात दोन लाखांवर नेऊन ठेवला होता. पुढे नाझी गेले आणि कम्युनिस्ट आले. त्यांनी शहरातल्या मोठ्या चर्चचा ढिगारा चाळीसहून अधिक वर्षे तसाच राखला आणि दरवर्षी त्याच्या साक्षीने पाश्चात्त्य भांडवलशाहीला शिव्या मोजल्या. धनी बदलला, ढिगारा तोच.

सीरियातल्या पालमिराची कथा अलीकडची. २०१५ साली इस्लामिक स्टेट या संघटनेने तेथील बाल-शमीन आणि बेल यांची मंदिरे सुरुंगाने उडवली, आणि त्यांची छायाचित्रे स्वतःच जगभर पाठवली. कारण देऊळ फोडण्यापेक्षा फोडलेले दाखवण्यातच त्यांचा हेतू साधत होता. त्याआधी मोसूलच्या संग्रहालयात त्यांनी घण घालून फोडलेल्या मूर्तींपैकी काही प्लॅस्टरच्या प्रतिकृती होत्या. चित्रफितीत त्यांनी अस्सलाइतकाच धुरळा उडवला. पालमिराच्या पुराणवस्तूंची उभे आयुष्य राखण करणारे वृद्ध संशोधक खालेद अल-असद यांचा त्याच ऑगस्टात शिरच्छेद झाला. मग दुसरी बाजू पुढे आली. १९ एप्रिल २०१६ रोजी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात पालमिराच्या उद्ध्वस्त कमानीची संगमरवरी प्रतिकृती उभारून महापौर बोरिस जॉन्सन यांनी तिचे अनावरण केले. आणि जेमतेम सोळा दिवसांनी, ५ मे रोजी, पालमिरा परत जिंकून देणाऱ्या रशियाने तेथील रोमन नाट्यगृहात, जिथे वर्षभरापूर्वी कैद्यांना गोळ्या घातल्या गेल्या होत्या, आपला नामांकित वाद्यवृंद बसवून मैफल केली, जिला पुतीन पडद्यावरून हजर राहिले. सात महिन्यांत पालमिरा पुन्हा गेले, आणि त्या नाट्यगृहाचा दर्शनी भागही फुटला.

या गलबल्यात एका इमारतीची प्रतिकृती मात्र कोणी उभारली नाही. पालमिराला लागूनच तदमूर गावात सीरियन सरकारचा कुप्रसिद्ध तुरुंग होता, जिथे १९८० च्या जूनमध्ये शेकडो कैदी कोठड्यांतच मारले गेले होते. इस्लामिक स्टेटने मे २०१५ मध्ये तोही उडवून दिला. त्या भिंतींवर कैद्यांनी काय खरडले असेल ते भिंतींबरोबरच गेले. तुरुंगाची कमान कोणत्या चौकात शोभणार?

मग अशी चित्रे पाहूच नयेत का? पाहावीत, आणि जपूनही ठेवावीत. फक्त त्यांना साक्षीदार म्हणून वागवावे, वकील म्हणून नव्हे. आफ्रिकेतील टिंबक्टू येथल्या पुरातन कबरी पाडणाऱ्या अल-महदी या माणसाला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१६ च्या सप्टेंबरात नऊ वर्षांची सजा दिली, तेव्हा पाडापाडीच्या चित्रफिती पुराव्यात दाखल होत्या. तिथे प्रत्येक चित्राला तारीख विचारली गेली, जागा विचारली गेली, घेणारा कोण ते विचारले गेले. आपल्या झाडीपट्टीत गावाच्या वेशीवर, तळ्याच्या पाळीवर, पिंपळाच्या बुंध्याशी हातपाय तुटलेल्या मूर्ती शेंदूर माखून बसलेल्या असतात, आणि कोणी फोडल्या म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले असते. फौजांनी फोडल्या असतीलही. पण धनाच्या लोभाने गाभारे खणणारे, देवळाचे चिरे घराच्या पायाला लावणारे आणि मुळ्यांनी शिखर दुभंगेपर्यंत वडाचे रोप तसेच वाढू देणारे आपलेच पूर्वज होते, हे त्या उत्तरात नसते.

दर्शन घेऊन बाहेर आल्यावर मी पुतण्याला ते छायाचित्र पुन्हा काढायला लावले आणि कुमारपालाची गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतले. “मंग आता हे पाठवू का नको?” त्याने विचारले. मी म्हटले, पाठव, पण खाली साल लिही आणि साइक्सचे नाव लिही. ते त्याने लिहिले की नाही, मी पाहिले नाही. प्रसादाच्या रांगेत आम्ही वेगळे झालो.

वाचकांपैकी कोणी आग्र्याला गेले तर ताजमहालातच सारा दिवस न घालवता किल्ल्यातही जावे. गझनीहून आणलेली ती दारे अजून तिथेच आहेत. देवदाराची आहेत.